बियाण्यातला फरक आमच्या बरडावर मोजा



मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्राच्या फळ्या कापसाच्या पाकिटांनी भरून जातात. कुणावर देवाचे नाव, कुणावर जनावराचे, कुणावर नुसता आकडा. चित्र मात्र सगळ्यांवर एकच : बोंडांनी लदलेली पऱ्हाटी. कोणते पाकीट न्यावे हे शेतकऱ्याने दुकानदाराला विचारायचे, दुकानदाराने कंपनीच्या माणसाला विचारायचे, आणि कंपनीच्या माणसाने सांगायचे की चाचण्या झाल्या आहेत, वाण सिद्ध आहे. एवढ्या भांडवलावर आपण वर्षाचे पीक मातीत घालतो.

चाचणी झाली म्हणजे काय झाले, कुठे झाली, कशाशी ताडून पाहिले, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. विचारले तर उत्तर इंग्रजीत येते. तेव्हा या खेपेस ते उत्तरच उलगडून पाहायचे आम्ही ठरवले आहे. भावाबद्दल या लेखात एक शब्द नाही. ती लढाई वेगळी. बियाण्याच्या पोटात काय आहे ते कसे मोजतात आणि त्या मोजमापातून कोरडवाहू शेतकरी कसा गाळला जातो, एवढेच येथे सांगायचे आहे.

शेतात उभे राहून पाहा. एकाच तासात दोन झाडे. एकाला पंधरा बोंडे, दुसऱ्याला चाळीस. हा फरक कशाचा? चाळीस बोंडांचे झाड शेणखताचा ढीग पडला होता त्या जागी उगवले असेल. शेजारची दोन झाडे मेली म्हणून त्याला मोकळी हवा मिळाली असेल. किंवा त्याचे घराणेच सरस असेल. पहिल्या दोन कारणांनी बोंडे लागली असतील तर त्याची सरकी राखून उपयोग नाही, पुढच्या साली पुन्हा पंधराच. घराणे सरस असेल तरच राखण्यात अर्थ. पैदासकाराचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालतो : डोळ्यांना दिसणाऱ्या फरकात बियाण्याचा वाटा किती आणि जमीन-पाण्याचा किती?

उत्तर काढायची पद्धत अशी. वीस-तीस वाण घ्यायचे, प्रत्येकाचे तीन छोटे तुकडे चिठ्ठ्या टाकून शेतभर विखरायचे. एकाच वाणाच्या तीन तुकड्यांत जो फरक पडला तो जमिनीचा, कारण बी तेच आहे. वाणावाणांत जो फरक पडला त्यातून हा जमिनीचा फरक वजा केला की उरतो तो बियाण्याचा. त्याला एकूण फरकाने भागले की टक्केवारी मिळते. तिला आनुवंशिकता म्हणतात. मग शंभरातली उत्तम पाच झाडे राखली तर पुढच्या पिढीत किती वाढ होईल याचा अंदाज बांधतात, आणि त्या गुणाकारासाठी २.०६ हा एक ठरलेला आकडा आहे. कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कापसावरचे प्रबंध रांगेने ठेवलेले असतात. कोणताही उघडा, हे आकडे सापडतील.

ही पद्धत खोटी नाही, आणि ती कुणी परक्याने आमच्यावर लादलेलीही नाही. फरकाची अशी वाटणी इंग्लंडच्या फिशरने १९१८ मध्ये मांडली हे खरे. पण कापसाच्या शेतात ती राबवली ती इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, १९३० च्या दशकात, हचिन्सन आणि आपले डॉ. व्ही. जी. पानसे यांनी. पुढे पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी मिळून १९५४ मध्ये शेतीच्या संख्याशास्त्रावर जे पुस्तक लिहिले, त्यावर देशातल्या कृषी पदवीधरांच्या पिढ्या शिकल्या. पानशांच्या १९५७ च्या लेखाचा हवाला पैदाशीवरच्या असंख्य प्रबंधांत सापडतो. आकडे म्हटले की नाक मुरडणारी आणि आजोबांचे बी तेच खरे म्हणणारी मंडळी आपल्यातही आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही. आजोबांनाही चांगले झाड ओळखता येत होते, पण चांगली जागा आणि चांगले झाड यांत त्यांचीही गल्लत होत होतीच.

आमचे भांडण आहे ते माप कुठे घेतले याच्याशी.

एक कल्पित हिशेब करू. विद्यापीठाच्या एका शेतात एका खरिपात प्रयोग झाला. एकूण फरक १०० धरला तर बियाण्याचा ८० आणि जमिनीचा २० निघाला. आनुवंशिकता ८० टक्के, प्रबंध मंजूर. आता तेच वाण पाच ठिकाणी दोन वर्षे लावा. पहिल्या ठिकाणी पहिला आलेला वाण तिसऱ्या ठिकाणी नववा येतो. एका साली वर असलेला दुसऱ्या साली खाली जातो. म्हणजे त्या ८० मधला मोठा हिस्सा बियाण्याचा नव्हताच. ते बी, ती जमीन आणि तो पाऊस यांची जी जुळणी त्या साली बसली, तिचा तो होता. समजा, असा हिस्सा ५० निघाला. बियाण्याचा स्वतःचा उरला ३०. एकाच ठिकाणी एकाच वर्षी प्रयोग करणाऱ्याला हे ५० वेगळे काढताच येत नाहीत, कारण दुसरी जागा आणि दुसरे वर्ष त्याच्या वहीत नाही. तो सगळेच बियाण्याच्या खात्यावर जमा करतो. जिनातल्या व्यापाऱ्याने ३० किलोचे ८० किलो दाखवले असते तर काटा मारला म्हणून आपण मोर्चा नेला असता. आणि गंमत अशी की अनेक ठिकाणच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब कसा करावा हे पानसे-सुखात्म्यांच्या त्याच पुस्तकात शिकवलेले आहे.

यावर शास्त्रज्ञ मंडळी म्हणतील, विद्यार्थ्याच्या प्रबंधावर वाण बाजारात येत नाही. कापसाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९६७ पासून आहे, त्यात अनेक केंद्रांवर अनेक वर्षे चाचण्या होतात. होतात, मान्य. पण त्या चाचण्यांत उतरणारे वाण आधी कुठे निवडले जातात? पैदासकाराच्या शेतात. तेथे हजारो झाडांतून शेकडा, शेकड्यांतून दहा उरतात. जमीन काळी कसदार, ओलिताची सोय, खत वेळेवर, फवारणी वेळेवर, तूट पडली तर लगेच भरलेली. अशा जागी जे झाड मागे पडले ते तेथेच बाद. त्यातले एखादे आमच्या वीतभर मातीच्या बरडावर तगले असते की नाही हे कुणाला कधीच कळणार नाही. गाळणी आधी लागली, अनेक ठिकाणच्या चाचण्या नंतर आल्या. आणि ती अनेक ठिकाणे म्हणजे तरी बहुतेक संशोधन केंद्रांचीच शेते.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. प्रत्येक प्रयोगात चुकीचे एक माप काढतात. ते ठरावीक मर्यादेबाहेर गेले तर तो प्रयोग भरवशाचा नाही म्हणून सरासरीतून वगळण्याचा रिवाज आहे. कागदावर यात गैर काही नाही. पण हे माप फुगते कधी? ऑगस्टात पाऊस वीस दिवस दडी मारतो. उंचवट्यावरची झाडे पाते टाकतात, खोलगटातली तग धरतात. एकाच वाणाच्या तीन तुकड्यांत कुठे दोन क्विंटलचा उतार, कुठे सहाचा. चुकीचे माप वर जाते आणि प्रयोग बाद होण्याच्या रांगेत लागतो. सुकाळातले प्रयोग मात्र गुळगुळीत, ते सगळे टिकतात. ज्या सालाने शेतकरी बुडतो नेमके तेच साल वहीतून गळण्याची सोय या रिवाजात आहे. यात कुणाचा कट आहे असे आम्ही म्हणत नाही. कट असता तर एखादा चौकशी आयोग मागून मोकळे झालो असतो. ही सवय आहे, आणि ती मोडणे कटाहून कठीण.

मोजतात तरी काय? तुकड्यातली पाच झाडे. कडेची ओळ सोडून, तूट असलेली जागा सोडून, भोवती शेजारी शाबूत असलेली पाच झाडे. आमच्या शेतात तूट सोडून चालायचे म्हटले तर अर्धे शेत सोडावे लागेल.

आता हा माप घेण्याचा धंदा कुणाला फळला ते पाहू. कापसाच्या सगळ्या गुणांत धाग्याची लांबी आणि रुईचा उतारा यांवर जमीन-पाण्याचा हात त्या मानाने कमी चालतो. तेथे आनुवंशिकता सहसा चांगली निघते आणि निवड लवकर पदरात पडते. झाडाला किती बोंडे टिकतील आणि एकरी किती कापूस घरात येईल, हे मात्र ओलीच्या एकेका दिवसावर ठरते. तेथे निवड अडखळते. स्वातंत्र्य आले तेव्हा या देशातला जवळपास सगळा कापूस देशी, आखूड धाग्याचा होता आणि लांब धाग्यासाठी गिरण्यांना परदेशाकडे पाहावे लागे. ती अडचण बऱ्याच अंशी सुटली. गिरणीचे काम झाले. लांब धाग्याशी आमचे वैर नाही, त्याला चार पैसे जास्तच मिळतात. पण महाराष्ट्राची हेक्टरी रुई देशाच्या सरासरीच्या खाली, देशाची सरासरी जगाच्या सरासरीच्या खाली, हे चित्र हलत नाही. जो फरक मोजायला सोपा तो वेचला गेला. जो मोजायला अवघड, पण ज्यावर आमचे घर चालते, तो शेतात तसाच पडून राहिला.

बियाण्याच्या फरकातही दोन जाती आहेत, आणि त्या समजल्याशिवाय पाकिटाचा धंदा समजत नाही. एक फरक साठत जाणारा. चांगली झाडे राखत गेलात तर पिढ्यान्‌पिढ्या त्याची बेरीज होते. सरळ वाण यावर उभे असतात. दुसरा जुळणीचा. ठरावीक आई आणि ठरावीक बाप जोडले की पहिल्या पिढीत जोम उसळतो, आणि त्याच झाडांची सरकी पुन्हा लावली की विस्कटतो. संकरित वाणाची कमाई मुख्यतः या दुसऱ्या फरकातून होते. सुरतेच्या डॉ. सी. टी. पटेलांनी १९७० मध्ये संकर-४ दिला, तो कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकर. १९७२ मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आला. नांदेडचा एनएचएच-४४ तर आमच्या कोरडवाहू भागात वर्षानुवर्षे चालला. ही कामगिरी मोठी आहे आणि सरकारी संशोधकांनी केली आहे, हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

पण त्याची किंमत कशी चुकवली ते पाहा. संकराचे बी करायला एकेका फुलाचे पुंकेसर हाताने काढावे लागतात. बी महाग. महाग म्हणून विरळ लावायचे. तीन बाय तीन फुटांवर एकरात ४,८४० झाडे बसतात. एवढ्याच झाडांकडून पीक काढायचे तर प्रत्येकाला चाळीस-पन्नास बोंडे धरली पाहिजेत, त्याला दिवस लागतात, आणि पीक डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभे राहते. आमच्या हलक्या जमिनीतली ओल ऑक्टोबरातच सरते. बोंडे भरायची वेळ आणि जमीन कोरडी पडायची वेळ एकच. त्यावर हिवाळाभर हिरवी बोंडे मिळाली म्हणून शेंदरी बोंडअळी खूश. २०१७ च्या हंगामात तिने काय केले ते विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियात सरळ वाण दाट पेरतात, एकरी तीस-चाळीस हजार झाडे. झाडाला आठ-दहा बोंडे आली तरी पुरतात, आणि पीक लवकर निघते. आपल्या पैदासकाराने मात्र विरळ लावणीत झाडाची बोंडे मोजली आणि ज्याला जास्त ते निवडले. ऐसपैस पसरणारे झाड जिंकले. दाट पेरणीत शहाण्यासारखे वागणारे ठेंगणे, लवकर फुटणारे झाड त्या स्पर्धेत कधी जिंकणारच नव्हते. माप ठरवले तेव्हाच निकाल ठरला.

बीटीच्या बाबतीत हाच घोटाळा मोठ्या अक्षरांत झाला. मार्च २००२ मध्ये केंद्राने तीन बीटी संकरांना परवानगी दिली : मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. पहिल्या वर्षांत अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या हे आम्ही आमच्या शेतात पाहिले आहे. जे तंत्रज्ञान उपयोगी पडते त्याच्या आड आम्ही येत नाही. पण २००५ मध्ये आंध्र प्रदेशात या तिन्ही संकरांची परवानगी पुढे वाढवली गेली नाही. जनुक तोच, राज्य बदलले, आणि पीक पटेना. कारण अळीचा बंदोबस्त करणारे जनुक एक. रोप उपळणे, पाते धरणे, ताण सोसणे, मर रोगाला तोंड देणे हे त्याच्या मागे उभ्या असलेल्या हजारो जनुकांचे काम. जाहिरात एकाची झाली आणि बाकीच्यांना कोणत्या जमिनीत तपासले हे कुणी विचारले नाही. पुढे दहा वर्षांत बीटी संकरांची संख्या हजाराच्या वर गेली. हजार नावे! पण त्यांच्या आई-बापांची नावे कंपनीच्या तिजोरीत. शहाणा शेतकरी जोखीम वाटावी म्हणून तीन पाकिटे तीन पट्ट्यांत लावतो. तिघींची आई एकच असेल, तर तिघी एकाच आठवड्यात लाल्याने झोपतील, आणि त्याला वाटेल आपले नशीब फुटके.

फरक नाही असे नाही. कापसाच्या लागवडीच्या चारही जाती ज्या देशात पिकतात असा हा देश. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या, म्हणजे १९७६ मध्ये उभ्या राहिलेल्या आपल्याच दारच्या संस्थेच्या, संग्रहात हजारो नमुने जतन केलेले आहेत. त्यांत देशी कापसाचे आहेत, मावा-तुडतुड्याला सहज न नमणारे, खोल मुळांचे. तेथे फरकाचा डोंगर आहे आणि आमच्या शेतात मूठभर घराण्यांची भाऊबंदकी. मधला रस्ता कुणी बांधायचा? सरकारी क्षेत्रातला पहिला बीटी सरळ वाण, बिकानेरी नरमा बीटी, २००९ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला आणि त्यातले जनुक कुणाचे या वादात मागे घ्यावा लागला. त्यानंतर संस्थेने रजत बीटी, सुरज बीटी यांसारखे सरळ वाण पुढे आणले. त्यांची सरकी शेतकऱ्याला राखता येते. फळीवर शोधा, आणि दुकानदार काय म्हणतो ते आम्हाला कळवा.

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे असे आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला. त्याच्या कलम ३९ मध्ये शेतकऱ्याचा बी राखण्याचा हक्क आहे, तो पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, तिचा उच्चार कुणी करत नाही. नोंदणी झालेल्या वाणाचे बी विकताना, ठरावीक परिस्थितीत त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगितले पाहिजे, आणि त्या परिस्थितीत ते तसे उतरले नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. ‘ठरावीक परिस्थितीत’ या दोन शब्दांत सगळा प्राण आहे. पाकिटावर परिस्थिती लिहिलेलीच नसेल तर दावा कशाचा करणार? म्हणून मागणी ही की चाचणी कोणत्या गावच्या, किती खोलीच्या जमिनीत, किती पावसावर, किती अंतरावर झाली ते पाकिटावर मराठीत छापा. बियाण्याचा वाटा किती आणि जागा-हंगामाचा किती, तो पूर्ण तक्ता प्रसिद्ध करा, बाद केलेल्या प्रयोगांसह आणि बाद करण्याच्या कारणासह. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संकराची डीएनए तपासणी करून कोण कुणाची बहीण ते जाहीर करा. आई-बापांची गुपिते सांगू नका हवे तर, नाते सांगा. आणि कोरडवाहूसाठी म्हणून जे वाण विकायचे त्यांची पहिली निवडच कोरडवाहू जमिनीवर करा.

शेतकऱ्याच्या शेतात नीट प्रयोग होत नाहीत, प्रत्येकाची मशागत वेगळी, असे उत्तर येईल. अहो, मशागत वेगळी हाच तर मोजायचा विषय! एका शेतात तीन तुकडे करण्याऐवजी तीस शेतकऱ्यांकडे एकेक तुकडा लावा, प्रत्येक शेत ही एक आवृत्ती धरा. संख्याशास्त्राला हे सहज पेलते. पेलत नाही ते जीपच्या डिझेलला.

सरकार करील तेव्हा करील. या खरिपात प्रत्येक तालुक्यातून निदान दहा शेते निवडावीत, त्यांतली सहा तरी बरडाची. प्रत्येक शेतात चार पट्टे : गावात सर्वांत जास्त चालणारी दोन पाकिटे, एक सरळ बीटी वाण आणि एक देशी. देशी आणि सरळ वाण दाट लावावेत, म्हणजे त्यांच्यावर अन्याय होणार नाही. कोणता पट्टा कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चांगली जागा आवडत्या पाकिटाला देऊ नये. उगवण, पावसाचे दिवस, फवारण्या आणि त्यांचा खर्च तारखेनिशी लिहावा. सीतादहीपासून शेवटपर्यंत प्रत्येक वेचणीचे वजन पट्ट्यागणिक वेगळे घ्यावे. वेचणाऱ्या बायांना हे आधी समजावून सांगावे, कारण गाठोडी मिसळली की सगळे मुसळ केरात. वह्या जानेवारीच्या जिल्हा बैठकीला आणाव्यात. ज्यांचे पीक गेले त्यांनी वही घरी ठेवू नये, तीही आणावी.